मी खोलीतून बाहेर आले आणि मुलगा आत गेला

"आजी, पॉझिटिव्ह आहे हो," ती मुलगी म्हणाली. तिचं तोंड काही दिसत नव्हतं. नखशिखान्त पांढऱ्या प्लास्टिकमध्ये होती बिचारी, पण आवाज कोवळा होता. मी वळून मंगेशकडे बघितलं. मंगेश म्हणजे माझा मुलगा. दवाखान्याबाहेर घातलेल्या मांडवात तो बांबूला टेकून उभा होता. त्यानं ऐकलं, बांबू सोडला आणि मागं सरकला.

त्या मागं सरकण्याचंच मला सांगायचंय. आजाराचं म्हणाल तर माझा आजार पाऊस लागायच्या आत बरा झाला. मंगेश माझ्याजवळ येऊन बसायला मात्र दिवाळी तोंडावर आली. आता या गोष्टीला काही वर्षं झाली, करोनाचं नाव कोणी काढत नाही. पण घराघरात अजूनही कोणाला कांजिण्या येतात, कोणाला टीबी निघतो, आणि डॉक्टर सांगतात, जरा लांब झोपवा. लांब कसं झोपवायचं ते सगळे सांगतात. परत जवळ कसं आणायचं ते मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून जमेल तसं लिहिते. मी काही लिहिणारी बाई नव्हे, तेव्हा इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

आमचं घर रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या बंदरापासून वर चढून आलं की लागतं. मंगेश बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. हे गेले तेव्हा तो शाळेत होता, तेव्हापासून आम्ही दोघंच. पुढं सायली आली, माझी सून, मग चिनू झाली. चिनू तेव्हा सहा वर्षांची. पण सून आली, नात आली, तरी संध्याकाळी कामावरून आल्यावर माझ्या शेजारी पाट ओढून जेवायची त्याची सवय काही गेली नाही. मला माशाचं डोकं आवडतं. तो आपल्या ताटातलं डोकं उचलून माझ्या ताटात टाकायचा. कधी कधी तोंड लावलेलं असायचं, तरी टाकायचा. सायली म्हणायची, "अहो, उष्टं ते!" मी म्हणायचे, "माझंच दूध प्यायलाय तो, त्याचं कसलं उष्टं?"

आंब्याचे दिवस होते. बंदरावरून मासळी घेऊन चढताना मला वाटेत बसावं लागलं. वय झालं म्हटलं. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं, खोकला लागला. सायलीनं चुलीवर सुका बांगडा भाजायला ठेवला होता, तो करपून घरभर धूर झाला आणि मी चुलीशेजारी बसून तांदूळ निवडतेय! मला वासच नाही. सायली धावत आली, माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहराच उतरला.

तर दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "घरात आधी कोणाला ताप आला होता का?"

मंगेश खाली बघत म्हणाला, "मला. कणकण होती थोडी. गोळी घेतली, गेली."

"हं," डॉक्टर म्हणाले आणि पुढचं लिहू लागले.

त्या 'हं'मध्ये तसं काही नव्हतं. दिवसभर शंभर माणसं तपासणारा माणूस तो, हं नाही म्हणणार तर काय म्हणणार? पण मंगेशला त्यात निकाल ऐकू आला. मला ते तेव्हाच दिसलं. आई झाल्यावर एवढं तरी दिसतं.

त्याचीही टेस्ट केली, तोही पॉझिटिव्ह. त्रास काहीच नव्हता. सायली आणि चिनू निगेटिव्ह आल्या, देवाची कृपा. मग काय, मला वॉर्डात ठेवलं, त्याला एका वसतिगृहात केलेल्या सेंटरमध्ये नेलं. घरात मायलेकीच राहिल्या. एका घराचे तीन तुकडे एका दुपारात झाले.

आता वॉर्डाचं थोडं सांगते, म्हणजे कोणावर वेळ आली तर घाबरणार नाही. ऑक्सिमीटर म्हणून एक चिमटा असतो, कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढा. तो बोटाला लावतात. त्यावर जो आकडा येतो त्याला सॅच्युरेशन म्हणतात. आपल्या रक्तात प्राणवायू किती आहे ते त्यावरून कळतं. माझा नव्वदच्या आसपास खालीवर होत होता, म्हणून नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. नळीनं नाक कोरडं पडतं, बाकी दुखत नाही काही. आणि प्रोनिंग करायला सांगायचे. नाव मोठं, पण म्हणजे पालथं झोपणं. उशी छातीखाली घेऊन पालथं झोपलं की फुप्फुसाचा मागचा भाग मोकळा होतो. मला पहिल्यांदा लाज वाटली, लुगड्यातली बाई अशी पालथी कशी पडणार चारचौघांत! सिस्टर म्हणाली, "आजी, इथं कोण कोणाकडं बघतंय?" खरंच कोणी बघत नव्हतं. जो तो आपला श्वास मोजत होता.

आजारापेक्षा मला त्रास झाला तो फोनचा. सायलीचा फोन आला की बरं वाटायचं. चिनू मोबाइलला नाक लावून बोलायची, मला तिचं नुसतं नाकच दिसायचं. पण मंगेशचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं.

"आये, सॅच्युरेशन किती?"

जेवलीस काय नाही, झोप लागली काय नाही. नुसता आकडा. इंजिनाचं प्रेशर विचारावं तसं. मी आकडा सांगितला की तिकडून श्वास सोडल्याचा आवाज यायचा आणि फोन बंद. एकदा मी वैतागून म्हटलं, "मेल्या, मी काय बोट आहे? आईशी बोल जरा." तर तो नुसता ऐकत राहिला, आणि मग फोन कट.

डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी त्यांना हे गाऱ्हाणं सांगितलं. ते म्हणाले, "आजी, आकडा आम्ही बघतो. तुम्ही पेज प्या आणि मुलाला सांगा, आईची तब्येत सुधारतेय." चांगला माणूस. डोळ्यांखाली काळं झालं होतं त्याच्या, तरी थांबून बोलला.

मंगेश माझ्या आधी घरी गेला. मी नंतर आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरी गेल्यावर आठवडाभर वेगळ्या खोलीत राहा, मग सगळ्यांत मिसळा. आमच्याकडे पडवीला लागून एक खोली आहे, तिथं दर वर्षी आंब्याची अढी घालतो, पेंढ्यात आंबे पिकायला ठेवतो ना, ती. तिथंच माझी खाट टाकली. खोलीभर हापूस आणि मला वास नाही! इतका राग आला मला त्या आंब्यांचा, काय सांगू.

चिनूनं एक खेळच काढला. खिडकीच्या गजातून काठीला बांधून एकेक वस्तू आत सरकवायची. "आजी, वास आला?" कधी उदबत्ती, कधी आईची पावडर, कधी चक्क सुका बोंबील. मी म्हणायचे, नाही गो बाय. ती म्हणायची, "बरं, उद्या आणखी घाण काहीतरी आणते." त्या पोरीमुळे माझे दिवस गेले.

मंगेश दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचा. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. तोंडाला मास्क, हातात तो चिमटा. चिमटा स्टुलावर ठेवून मागं जायचा, मी लावायची, आकडा सांगायची. माझं ताट सायली ठेवून जायची. ठीक आहे म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढे दिवस.

आठवडा संपला. सायलीनं मला न्हाऊ घातलं, खोली धुतली, चिनू येऊन माझ्या मांडीत अशी घुसली की माझी हाडं दुखली. आम्ही तिघी रडलो, हसलो. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात माझ्या पाटावर बसले आणि शेजारी मंगेशचा पाट मांडला.

तो कामावरून आला. मागच्या दारी नळावर आंघोळ केली. आणि स्वयंपाकघरात न येता पडवीच्या खोलीत गेला. माझ्या खाटेवर बसला आणि तिथूनच म्हणाला, "सायली, माझं ताट इकडं दे."

मला वाटलं, दमलाय. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी त्यानं आपली चादर, उशी तिकडं नेली. मी बाहेर आले आणि तो आत गेला.

सायलीला किंवा चिनूला त्यानं माझ्याजवळ यायला कधी नाही म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर मी भांडले असते. आपण दिवसभर बंदरावर शंभर माणसांत असतो, आपल्या अंगावर काय येईल सांगता येत नाही, एवढंच तो म्हणायचा. बाकी सगळं जग परत एकमेकांच्या गळ्यात पडलं, बंदरावर लिलावाला पहिल्यासारखी रेटारेटी सुरू झाली, लग्नं झाली, बारशी झाली. आमचा मंगेश खोलीत. समोर आला तर हात मागं बांधून उभा राहायचा. मी पुढं झाले तर मागं.

मी काय काय केलं नाही? त्याच्या आवडीची कुळथाची पिठी करून बोलावलं. रागावले. तीन-चार दिवस अबोला धरला, तर त्याला ते सोयीचंच झालं! सायली बिचारी दोन्हीकडून पिळवटून निघत होती. एकदा तिनं विचारलंच त्याला, "अहो, आईंच्या मनात काय येत असेल?" तर म्हणाला, "त्या जिवंत आहेत ना? बास." आईला 'त्या' म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा.

मग एक दिवस मी चिनूला खेळताना बघितलं. तिनं बाहुली कपाटाच्या खालच्या खणात झोपवली होती. आपण लांब उभी राहून, हात मागं बांधून विचारत होती, "जेवलीस काय? सॅच्युरेशन किती? बरं, झोप."

मी म्हटलं, "काय गो खेळतेस?"

"बाबा बाबा खेळते."

तोवर मी समजत होते की हा माझा आणि माझ्या मुलाचा मामला आहे. मी म्हातारी, मला काय, आज आहे उद्या नाही. पण या पोरीनं बाप म्हणजे लांब उभा राहणारा माणूस असं धरून ठेवलं होतं. आधी तो फाटकात दिसला की ती धावत जायची. हल्ली जागच्या जागी हात हलवायची. तिला कोणी तसं सांगितलं नव्हतं. तीच शिकली.

पावसाळा संपता संपता मला परत तपासणीला बोलावलं. एचआरसीटी केला. म्हणजे छातीचाच फोटो, पण पाव जसा कापतात तसा कापाकापांचा, आतलं सगळं दिसतं. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "फुप्फुसं स्वच्छ आहेत, आजी. आता बागेत फिरा, नातीशी खेळा."

मी म्हटलं, "फुप्फुसाचं सोडा हो. माझा मुलगा बाहेर वडाखाली उभा आहे, आत येत नाही. त्याला वाटतं त्याच्यामुळे मला झालं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कोणामुळे कोणाला झालं हे मलाही सांगता यायचं नाही. तुम्ही स्वतः रोज मासळी बाजारात जात होता. तुमच्याकडून त्याला गेला नसेल कशावरून? असे पुष्कळ येतात माझ्याकडे, आजी. आजारी माणूस बरं होतं आणि घरातलं दुसरंच कोणी खचतं. त्याच्याशी बोला. नाहीच जमलं तर आमच्याकडे समुपदेशक आहेत, समजावून सांगणारे, त्यांना भेटवू."

एवढी मोलाची गोष्ट डॉक्टर बोलले आणि ज्यानं ऐकायची तो वडाखाली. मी रिक्षात त्याला सांगितलं. तो पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता. मागं न बघता म्हणाला, "डॉक्टर सगळ्यांनाच असं सांगतात गो."

आणि मग माझी पाठ धरली.

झालं असं, की तो मागच्या दारी आंघोळ करायचा म्हणून मी संध्याकाळी गरम पाण्याची बादली बाहेर नेऊन ठेवायची. सायली म्हणायची मी नेते, पण मला वाटायचं, एवढं तरी आपल्या हातून होऊ दे. दिवाळीच्या आधीचे दिवस, बादली उचलली आणि कमरेच्या वर अशी उसण भरली की बादली तिकडं आणि मी इकडं. उसण कोणाला भरली असेल त्यालाच कळेल. श्वास घेतला की कळ, शिंकलं तर जीव जातो.

सायलीनं धरून मधल्या घरात सतरंजीवर निजवलं. मंगेश आला, दारात उभा राहिला. तोंड पांढरं. "परत माझ्यामुळं," एवढंच म्हणाला. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले मसल स्पाझम आहे, म्हणजे स्नायू आखडलाय, घाबरायचं काही नाही, गोळ्या सांगतो, शेक द्या. गोळ्या घेतल्या, शेकलं. सकाळी थोडं बरं, पण उठता येईना.

संध्याकाळी मंगेश कामावरून येतोय तोच शेजारच्या सुमनवहिनी बघायला आल्या. या आमच्या वहिनी म्हणजे तोंडाचा पट्टा. आल्या आल्या म्हणाल्या, "काय बोललान डॉक्टर? गोळ्या? गो बाय माझे, घरात पायाळू असताना गोळ्या कसल्या गिळतेस?"

आता हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी नव्या पोरांसाठी सांगते. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. उसण भरली की पायाळू माणसानं दुखऱ्या जागी पाय लावायचा, की उसण उतरते, अशी आपल्याकडं समजूत. माझा मंगेश पायाळू. त्यानं मला बाळंतपणात काय घाम फोडला होता, ते वेगळंच. पण लहानपणापासून आळीतली प्रत्येक दुखरी पाठ त्याच्या पायाखालून गेलीय. बंदरावर बर्फाच्या लाद्या उचलणारे गडी रविवारी अंगणात येऊन पालथे पडायचे. "मंग्या, एक लाथ घाल रे बाबा!" आणि हा हसत लाथ घालायचा. करोना आल्यापासून ते बंदच झालं होतं.

मंगेश दारातून म्हणाला, "नको वहिनी. मी खालच्या वाडीतल्या बाळूला घेऊन येतो. तोही पायाळू आहे."

वहिनी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "का रे? तुझे पाय गहाण पडलेत काय?"

मीही पालथी पडल्या पडल्या म्हटलं, "मला परक्याची लाथ नको. खायची तर पोटच्या पोराची खाईन."

"आये, मी जेटीवरून आलोय. पायाला काय काय लागलेलं असतं."

"मग धू!"

तो तसाच उभा. तेवढ्यात चिनू मोरीतून तांब्या आणि साबण घेऊन आली. बापाच्या पायाशी उकिडवी बसली, त्याच्या चड्डीचा काठ ओढला आणि म्हणाली, "कुठला पाय?"

त्याला हलता येईना. तिच्या हाताला झटका लागेल ना. "उजवा," तो म्हणाला, बारीक आवाजात.

चिनूनं बापाचा पाय असा घासला, असा घासला, जसं करपलेलं पातेलं. बोटांच्या बेचक्या, टाच, घोटा. तो दाराची चौकट धरून एका पायावर उभा. "बाबा, गुदगुल्या होतात?" तिनं विचारलं. तो हो म्हणाला नाही, पण त्याचा खांदा हलला. मग तिनं आपल्या फ्रॉकला पाय पुसला आणि त्याचं बोट धरून त्याला उंबरा ओलांडून आत आणलं. तो आला.

मला काही दिसत नव्हतं, माझं तोंड सतरंजीत. पाठीवर आधी थंडगार ओलं काहीतरी टेकलं आणि लगेच उचललं गेलं. "नीट लाव रे," वहिनी ओरडल्या, "माशी बसली काय तिच्या पाठीवर?" मग त्याचा पाय नीट टेकला. इतक्या महिन्यांत माझ्या मुलाचा मला झालेला पहिला स्पर्श म्हणजे त्याची लाथ! मला हसू आलं, हसल्यावर कळ आली, कळ आल्यावर मी ओरडले, तो घाबरून पाय काढायला गेला.

"काढू नको," मी म्हटलं. "राहू दे जरा."

आईला पाय लावला तर नमस्कार करावा लागतो. ते काही त्याला सांगावं लागलं नाही. तो खाली बसला, माझ्या पायांवर डोकं ठेवलं. आणि उचललंच नाही. माझ्या तळव्यांना गरम लागायला लागलं तेव्हा मला कळलं, तो रडतोय.

"आये, ताप मला आधी आला होता."

"ठाऊक आहे."

"मी बोललो नाही. तुझ्या ताटात डोकं टाकलं माशाचं, तोंड लावलेलं."

"अरे मेल्या, मीच तुझ्या कपाळाला हात लावून बघितला होता त्या दिवशी. तू इंजिन करून दमून झोपला होतास पडवीत. चटका लागला माझ्या हाताला. ताप आहे हे कळूनच मी तुझ्याजवळ बसले. डोकं मी मागून घेतलं, कारण तुला जेवण जात नव्हतं. करोनाचे दिवस होते, मला काय कळत नव्हतं? तुला ताप आला तर मी काय खुर्ची घेऊन दारात बसू?"

तो म्हणाला, "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"दारातून ओरडून सांगायची गोष्ट आहे काय ही? तू जवळ आलास कधी?"

माझ्या पाठीमुळे मला उठता येईना आणि तो डोकं उचलेना. असे आम्ही किती वेळ पडून होतो कोण जाणे. सुमनवहिनी पदरानं नाक पुसत होत्या. शेवटी सायली म्हणाली, "आता या दोघांना उठवायला कोणाला बोलावू?"

माझी पाठ मग दोन-चार दिवसांत सुटली. पायानं की गोळ्यांनी, ते मला विचारू नका. डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, "गोळ्या मात्र पूर्ण करा." मी पूर्ण केल्या. तुम्हीही पायाळूच्या भरवशावर औषध सोडू नका.

आणि मंगेशचं म्हणाल, तर तो काही एका दिवसात पहिल्यासारखा झाला नाही. त्या दिवशी पाटावर जेवला, दुसऱ्या दिवशी परत पडवीत ताट मागितलं. पण आता मी जाणती झाले होते. मी माझं ताट उचललं आणि पडवीत जाऊन त्याच्या शेजारी बसले. चिनू आली, सायली आली. चार-आठ दिवस आम्ही सगळी त्या अढीच्या खोलीतच जेवलो, एकमेकांना कोपर लागत होतं. मग तोच म्हणाला, "इथं फार गरम होतं गो, आत बसू." बसलो आत. माशाचं डोकं माझ्या ताटात टाकायला त्याला पुढचा पावसाळा लागला. मी मागितलं नाही, वाट बघितली.

ज्यांच्या घरात असं काही होईल त्यांना मी एवढंच सांगीन. आजारी माणसाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. जो धडधाकट हिंडतोफिरतो, औषधं आणतो, फोनवर नुसता आकडा विचारतो, त्याच्याकडे बघा. तो जवळ येत नसेल तर त्याला बोलावत बसू नका, आपण उठून त्याच्याकडे जा. मला हे फार उशिरा सुचलं. त्या पांढऱ्या प्लास्टिकमधल्या मुलीला, नळी लावणाऱ्या सिस्टरला, थांबून बोलणाऱ्या डॉक्टरांना आणि तोंडाळ सुमनवहिनींना माझे हात जोडून नमस्कार. त्यांनी मला जगवलं. पण माझा मुलगा आत आणला तो चिनूनं, एका तांब्याभर पाण्यानं.

गेल्या महिन्यात त्याच चिनूला कांजिण्या आल्या. आता मोठी झालीय, पाचवीत जाते. डॉक्टर म्हणाले, फोड सुकेपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवा, ज्यांना आधी येऊन गेल्यात त्यांनी जवळ जायला हरकत नाही. मंगेशला लहानपणी आल्या होत्या, मलाही. त्यानं कोणाला काही विचारलं नाही. आपली गादी गुंडाळली आणि तिच्या खोलीत नेऊन पसरली. दुपारी आतून आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी गेले, तर बापलेक पत्ते खेळत होते. ती हरत होती, म्हणून चिडून त्याला उशीनं बडवत होती आणि तो "खाजवू नको गो, खाजवू नको" म्हणत तिचे दोन्ही हात धरून बसला होता.

मी दोघांचा चहा घेऊन आत गेले.